वायरच्या दुसऱ्या टोकाला

११ जानेवारी

मिठू,

लॅपटॉप पोचला. कुरिअरवाल्याने सही घेतली आणि खोकं दारात टेकवून गेला. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव छापलेलं आहे, म्हणजे तूच पाठवलास. आत चिठ्ठी असेल म्हणून सगळा थर्माकोल उपसून पाहिला. चिठ्ठी नव्हती. असो.

यंत्र नवं नाही, एका कोपऱ्याला चरा आहे, पण चालतं. वरच्या मजल्यावरच्या खोकलेबुवांनी येऊन चालू करून दिलं. हे नाव तूच लहानपणी त्यांना ठेवलं होतंस. आता सगळी इमारत तेच म्हणते आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. ते म्हणाले, "मुलगी बोलत नाही म्हणता, आणि लॅपटॉप पाठवते? हा कसला हो अबोला?" मी म्हटलं, आमच्याकडे असाच असतो.

हे मी हातानेच लिहितोय. त्या यंत्रावर टाइप करायला बसलो तर एका ओळीला अर्धी सकाळ जाते. आणि फोन तू उचलत नाहीस. तो तुझा हक्क आहे, मी तक्रार करत नाही. आई गेली त्या आठवड्यात तू तिचं कपाट उघडलंस, ते रिकामं होतं, आणि तू मला विचारलंस, "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" मी उत्तर दिलं नाही. त्याच दुपारी तू बॅग भरलीस. त्यानंतर एकदम हे खोकं. मधलं सगळं कोरं.

तब्येत ठीक आहे. जेवण होतं, झोप लागते. यापलीकडे लिहिण्यासारखं काही सुचत नाही.

बाबा

१९ जानेवारी

मिठू,

मी काही वेडा नाही, हे आधी सांगतो.

तुझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं चित्र आहे. डोळ्यासारखं. त्यावर बाण नेला की फक्त "एजंट चालू आहे" एवढंच दिसतं. कसला एजंट, कुणाचा एजंट, काही पत्ता नाही. मी ते चालू केलेलं नाही. खोकलेबुवांनीही नाही, विचारलं मी. यंत्राबरोबरच आलेलं आहे. परवा मी ते काढून टाकलं. यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर पुन्हा हजर. पुन्हा काढलं, पुन्हा हजर. इतका चिवटपणा मी आजवर फक्त एकाच व्यक्तीत पाहिला आहे, आणि तिला दूध प्यायला लावताना तुझी आई रडकुंडीला यायची.

मग मी यंत्राच्या पोटात शिरलो. आत कोणकोणते भाग बसवले आहेत त्याची एक यादी असते. कीबोर्ड, कॅमेरा, बॅटरी, सगळ्यांची नावं आहेत. फक्त एकासमोर पिवळी खूण आहे आणि लिहिलंय, "अनोळखी उपकरण". म्हणजे आत एक वस्तू बसलेली आहे आणि ती काय आहे हे यंत्रालाच माहीत नाही. आपल्याच घरात एखादा पाहुणा बसलेला असावा आणि कुणालाच त्याची ओळख पटू नये, तसं.

तुला आठवत असेल, पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये माझं काम काय होतं. लांब टेकडीवर टाकी. टाकीतून वायर. वायर येऊन थांबते ती माझ्या टेबलासमोरच्या सुईपाशी. पाणी चढलं की सुई चढते. टाकीला बिचारीला कळतही नसतं की कुणी आपल्याकडे बघतंय. तू शाळेतून येऊन त्या खोलीत गृहपाठ करायचीस आणि विचारायचीस, बाबा, तुम्ही दिवसभर नुसते बघतच बसता का? हो, नुसतं बघत बसण्याचाच मला पगार होता. उभ्या जन्मात मी एकच गोष्ट शिकलो. वायर असेल तर दुसऱ्या टोकाला माणूस असतोच. उगाच कुणी वायर टाकत नाही.

तेव्हा आता मला कळलं आहे. तुला बोलायचं नाही, पण बघायचं आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत. बघ. माझी ना नाही. आधी सांगितलं असतंस तर दाढी तरी केली असती.

बाबा

२ फेब्रुवारी

मिठू,

दाढी रोज होते, हे तू पाहतेसच. गोळ्याही वेळेवर घेतो. कॅमेऱ्यासमोर धरतो, गिळतो, मग तोंड उघडून दाखवतो. खोकलेबुवांनी ते पाहिलं आणि दारातूनच मागे फिरले. नंतर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक आहे, मुलगी बघते. त्यांना काय वाटलं कोण जाणे. पण हल्ली रोज एकदा वर जाताना बेल वाजवतात आणि मी दार उघडलं की "काही नाही, काही नाही" म्हणत निघून जातात.

आधी मी तसा उभ्या उभ्याच जेवायचो, ओट्यापाशी. आता ताट घेऊन टेबलापाशी बसतो, लॅपटॉप समोर. चादर बदलली. मधल्या खोलीतला बल्ब गेला होता तो लावला. हे मी माझ्यासाठी केलं नसतं. मला अंधारही चालत होता. मला सगळंच चालतं आहे, हीच तर पंचाईत आहे. भाजी अळणी असली तरी चालते, खारट झाली तरी चालते. आईने असल्या माणसाला दोन दिवसांत सरळ केलं असतं.

बोलतो ते तुला ऐकू जातं की नाही, याची मला आधी खात्री नव्हती. मग कळलं की कॅमेऱ्याशेजारी माइकही आहे. तेव्हापासून संध्याकाळी थोडं बोलतो. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याचं सांगितलं. कपाटाचंही काल सांगून टाकलं. ते पुन्हा इथे लिहीत नाही, कागदावर मला ते जमणार नाही. तू ऐकलंस, पुरे झालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं.

सांगून झाल्यावर मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो. कोपऱ्यातला डोळा होता तसाच होता. वाटलं होतं, निदान फोन वाजेल. नाही वाजला. विचार करायला वेळ हवा असेल तर घे. घाई नाही.

बाबा

१६ फेब्रुवारी

मिठू,

ते अनोळखी उपकरण मी शोधून काढलं.

त्या पिवळ्या खुणेवर दाबत गेलं की आत एक लांबलचक आकडा आणि अक्षरं मिळतात. ती मी कागदावर उतरवली आणि शोधली. उत्तर मिळालं. तो पडणं ओळखणारा सेन्सर आहे. हालचाल ओळखतो, आणि काही पडलं की ताबडतोब कळवतो. पुढे त्या पानावर बरंच काही होतं, पण कंपन्यांची भाषा, आणि मला हवं ते कळलं होतं. म्हातारा बाप, एकटा राहतो, फरशी गुळगुळीत. त्याला यंत्र पाठवायचं, आणि त्यात पडल्याचं कळवणारा सेन्सर. कुणाला सांगायचं नाही.

मला तुझा किती अभिमान वाटायला हवा होता! खरं सांगायचं तर वाटला नाही. कसलंच काही वाटलं नाही. पण वाटायला हवा, एवढं समजलं. सध्या माझं असंच आहे. आधी समजतं, आणि मग पुढे काही होतच नाही.

लॅपटॉप आता मधल्या बोळातल्या स्टुलावर ठेवला आहे. तिथून न्हाणीघराचं दार दिसतं. चार्जर सतत लावलेला असतो. खोकलेबुवा म्हणाले, "मोबाइल तरी खिशात ठेवत जा." मी म्हटलं, आता गरज नाही. ते नेहमीसारखे खोकले आणि वर गेले.

एकच मागणं आहे. बोलू नकोस, पण बघते आहेस हे कळण्यापुरता एखादा दिवा लुकलुकवता येत असेल तर बघ. आमच्या कंट्रोल रूममध्ये टेकडीवरचा पहारेकरी दर पाळीला एकदा लाइन वाजवायचा. बोलायचा काही नाही. नुसती घंटी. तेवढ्यावर भागायचं.

बाबा

२७ फेब्रुवारी

मिठू,

डावं मनगट मोडलं आहे. प्लास्टर घातलं. कंबरेला मुका मार आहे, बाकी काही नाही. खोकलेबुवांनी दवाखान्यात नेलं. तुला कळवू का म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, तिला माहीत आहे.

तुला माहीत आहेच.

बाबा

१० मार्च

मिठू,

हे पत्र मोठं होईल. बसून वाच.

काल तो लॅपटॉप उचलून मी चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे एक बाई बसतात, मोठ्या भिंगाचा चष्मा घालून. मी म्हटलं, यात माझ्या मुलीने काही बसवलं आहे, ते चालू आहे की नाही एवढंच सांगा. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

आधी तो डोळा. त्यांनी झाकण खोललं, बॅटरी काढली. बॅटरीखाली एक स्टिकर होता, कुठल्याशा विमा कार्यालयाचा, त्यावर नंबर. म्हणाल्या, "आजोबा, हा कार्यालयाचा जुना माल आहे. ते लोक चोरी होऊ नये म्हणून असं सॉफ्टवेअर थेट मुख्य बोर्डातच टाकतात. म्हणून ते काढलं तरी परत येतं. तुमच्या मुलीने हा नुसता जुन्या मालाच्या दुकानातून मागवला असणार. तिने याला हातही लावलेला नसेल." मी विचारलं, मग तो कुणाला कळवतो? त्या म्हणाल्या, "कळवतो हो, पण ज्यांना कळवायचं त्यांनी हे मशिन केव्हाच भंगारात काढलंय. तिकडे कुणी बसत नाही आता. आणि बसत असतं तरी मशिन कुठे आहे एवढंच दिसलं असतं. कॅमेरा नाही, आवाज नाही."

मग सेन्सर. त्यावर त्या हसल्या, पण वाईट नाही हसल्या. "हा माणसासाठी नसतो. लॅपटॉपच हातातून सुटला ना, तर जमिनीवर आदळायच्या आत आतली डिस्क थांबवतो, माहिती जाऊ नये म्हणून. तो स्वतःच्या पडण्यापुरता आहे." आणि मग म्हणाल्या, "तसाही तो चालू नव्हताच. पिवळी खूण म्हणजे बंद."

उभा जन्म सुयांसमोर काढला, आणि बंद उपकरणाची खूण मी चालू समजलो. आमच्या साहेबांनी हे ऐकलं असतं तर पेन्शन परत मागितली असती.

आता मनगटाचं. मी न्हाणीघरात पडलो. सकाळची वेळ होती, बादलीखाली नळ चालू होता. पडल्यावर मला फारसं दुखलं नाही. मोबाइल खोलीत होता. दार उघडं होतं आणि बोळात लॅपटॉप उघडा होता. मी ओरडू शकत होतो. वरच खोकलेबुवा होते, त्यांचा खोकला मला ऐकू येत होता, म्हणजे माझी हाक त्यांना गेली असती. पण मी हाक मारली नाही, कारण तुला कळलेलं होतं. मी आरामात पडून होतो, मिठू. मनात म्हटलं, आता ती फोन करेल, उचलला गेला नाही की शेजारी कुणाला तरी करेल, आणि मग गाडी पकडेल. तू गाडीत बसल्याचं मी डोळ्यांसमोर आणलं. कपडे भिजले. पाणी माझ्याभोवतीने बाहेर गेलं, बोळात गेलं. मी वाट पाहत राहिलो.

किती वेळ ते मला माहीत नाही. केव्हा तरी मला कळलं की कुणी येत नाहीये. म्हणजे तू बघते आहेस आणि येत नाहीयेस.

आणि मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी तुला काय वाट्टेल ते बोललो. त्या डोळ्याला उद्देशून, जमिनीवर पडल्या पडल्या. दगड आहेस म्हटलं. बाप मरतोय आणि हिला काहीच वाटत नाही म्हटलं. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबलो. मग मी रडलो. आईच्या वेळी रडलो नव्हतो ते सगळं तिथे, नळाच्या आवाजात. शेवटी पाणी जिन्यावरून खाली वाहायला लागलं तेव्हा खोकलेबुवा आले.

काल दुकानातून घरी येताना माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी मी जे जे बोललो ते कुणीच ऐकलेलं नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. असतील तर त्यांनी ऐकलं. तुझा प्रश्न तिथेच आहे, जिथे तू टाकून गेलीस. तेव्हा जे कागदावर जमणार नाही असं मी लिहिलं होतं, ते आता कागदावरच लिहावं लागणार.

आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिचं कपाट उघडलं. मला वाटलं होतं, कपाट उघडलं की मी कोसळेन. त्यासाठीच उघडलं होतं. तिचा वास आला. तिच्या साड्यांचा, त्या लाकडाचा, तिच्या डोक्याला लावायच्या तेलाचा. मी तिथे उभा राहिलो आणि मला काहीच झालं नाही. काही म्हणजे काही नाही. एखाद्या दुकानात उभं राहावं तसं. मला इतकी भीती वाटली, मिठू! वाटलं, हा वास आणखी चार दिवस इथे राहिला आणि चारही दिवस मला काही झालं नाही, तर मी माणूसच उरलो नाही हे पक्कं होईल. म्हणून मी सगळं गाठोड्यांत बांधलं आणि दवाखान्यातल्या आयाबायांना देऊन आलो. तुझ्यासाठी काही ठेवायला हवं होतं, हे मला तू दारात आल्यावर सुचलं.

तर, तुम्हाला काहीच वाटत नाही का. नाही. त्या दिवशी खरोखरच काही वाटत नव्हतं. हे मी तुला कसं सांगणार होतो? तुला वाटलं असतं, आईचं मला काही नव्हतं. तू बॅग भरत होतीस आणि मी नुसता बघत होतो. मला तेवढंच येतं.

अजूनही बहुतेक वेळ तसंच आहे. न्हाणीघरात जे झालं ते झालं, त्यानंतर पुन्हा शांत. पण आता मला माहीत आहे की आत कुठेतरी आहे. डॉक्टर म्हणाले, सुन्न भागाला मुंग्या आल्या तर घाबरू नका, चांगलं लक्षण आहे. ते हाताबद्दल बोलत होते.

आणखी एक. एवढे दिवस मी त्या लॅपटॉपला माझी दाढी दाखवली, माझ्या गोळ्या दाखवल्या, माझं जेवण, माझी चादर. रोज संध्याकाळी माझंच बोललो. तू कशी आहेस, हे मी एकदाही विचारलं नाही. तुझी तर आईच गेली आहे. तू झोपतेस का, जेवतेस का, तुला कुणी बघतं का, मला काही माहीत नाही. तू राहतेस ते घरही मी पाहिलेलं नाही. पत्ता तेवढा पाठ आहे, पाकिटावर लिहून लिहून.

रविवारच्या गाडीचं तिकीट खोकलेबुवांनी काढून दिलं. एका हाताने बॅग उचलवत नाही म्हणून ते स्टेशनापर्यंत येणार आहेत. तुला दार उघडायचं नसलं तर नको उघडूस. मी जिन्यात बसेन, मला बसायची सवय आहे. तू कामावर जाताना आणि येताना मला दिसशील.

उत्तर पाठवू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा मी निघालेला असेन.

बाबा